शंभर ग्रॅम सरकी



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे संगणकासमोर बसायला डॉक्टरांची मनाई होती. आता दिसतंय. उलट पूर्वीपेक्षा जास्तच दिसतंय, असं घरचे म्हणतात. असो.

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. ती तिथे एका परदेशी कंपनीच्या संशोधन केंद्रात इंजिनिअर आहे. म्हणाली, "आबा, आमच्या कामाला पेटंट मिळालं. माझं नाव छापून आलंय!" लगेच तिने मोबाईलवर कागद पाठवला. नवीन डोळ्यांनी मी तो दोनदा वाचला. शोधकर्ते म्हणून चार नावं होती. दोघं पुण्यातले, एक जर्मनीतला, एक अमेरिकेतली. त्यात आमच्या पोरीचं नाव, आडनावासकट. आणि खाली मालक म्हणून एकच नाव, कंपनीचं.

आनंद झालाच. आमच्या खानदानात कोणाचं नाव सातबाऱ्याशिवाय दुसऱ्या सरकारी कागदावर आलेलं मला तरी आठवत नाही. पण मास्तरकीची खोड जात नाही. मी विचारलं, "बाळा, हे डोकं तुझं, नाव तुझं, मग शोध कोणाचा?" ती हसली. म्हणाली, "आबा, आमच्याकडे असा प्रश्न कोणी विचारत नाही. पगार मिळतो ना!"

फोन ठेवला, पण प्रश्न काही ठेवता येईना. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. तो शिकवताना एक सवय लागते. आज जे दिसतं ते पूर्वी कधी घडलं होतं का, हे धुंडाळायचं. या बाबतीत फार लांब जावं लागलं नाही. आमच्या भोकर तालुक्यातल्या शेतापर्यंतच गेलो. परदेशी कंपनीचं संशोधन आमच्या घरात नातीच्या आधी कापसाच्या पिशवीतून आलं होतं.

थोडं मागे जाऊ. कंपनीने एका देशातलं ज्ञान दुसऱ्या देशात नेऊन पेरायचं, ही गोष्ट आजची नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८४० साली अमेरिकेतून दहा कापूस उत्पादक भारतात आणले. अमेरिकन कापूस कसा पिकवायचा ते इथल्या शेतकऱ्याला शिकवायला! मँचेस्टरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता, आणि आपला देशी कापूस आखूड धाग्याचा. बहुतेक ठिकाणी हा उद्योग फसला. धारवाडकडे मात्र अमेरिकन बियाणं रुजलं आणि 'धारवाड-अमेरिकन' या नावाने टिकलं. म्हणजे बाहेरचं बियाणं कुठे रुजेल हे लंडनला बसून ठरवता येत नाही, हे तेव्हाच कळलं होतं. माती आणि पाऊस यांचंही मत घ्यावं लागतं.

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. नांदेड-परभणीच्या काळ्या जमिनीतला 'गावरानी' कापूस नाव मिळवून होता. नांदेडची उस्मानशाही मिल त्याच कापसाच्या जोरावर उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने काम चालू ठेवलं. १९७२ साली परभणीला मराठवाडा कृषी विद्यापीठ झालं. ते साल मी विसरणार नाही, कारण त्याच दुष्काळी वर्षी मी नोकरीला लागलो. शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर रोजगार हमीच्या खडीवर असायची.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९७० साली, गुजरातेत सुरतच्या सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 'संकर-४' हा कापसाचा वाण काढला. व्यापारी लागवडीसाठीचा हा जगातला पहिला संकरित कापूस. अमेरिकेलाही ते जमलं नव्हतं, कारण त्यासाठी एकेका फुलाचे पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या फुलाचा पराग हाताने लावावा लागतो. एवढे हात आपल्याकडे होते, स्वस्तही होते. पुढे ऐंशीच्या दशकात आपल्या नांदेड केंद्राने एनएचएच-४४ काढला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो 'नांदेड-४४' झाला. कोरडवाहू जमिनीत तग धरणारा, मावा-तुडतुड्यांना सहजासहजी दाद न देणारा. आमच्या वडिलांनी तो लावला, मग धाकट्या भावाने लावला. पिशवीवर आपल्या जिल्ह्याचं नाव, याचा आम्हाला कोण अभिमान!

आता दुसरा धागा. १९०१ साली जपानमध्ये इशिवाता नावाच्या शास्त्रज्ञाला रेशीमकिडे मरताना दिसले. त्याने त्यामागचा जिवाणू शोधून काढला. दहा वर्षांनी जर्मनीतल्या थुरिंगियामध्ये बर्लिनर याला तोच जिवाणू पिठातल्या किड्यात सापडला. त्याने प्रांताचं नाव देऊन त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' केलं. हाच आपला 'बीटी'. योगायोग पाहा, ज्या १९०१ साली जपानमध्ये हा शोध लागला, त्याच साली अमेरिकेत सेंट लुईसला मोन्सँटो ही कंपनी निघाली, सॅकरिन बनवायला! या दोघांची गाठ पडायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. मोन्सँटोच्या शास्त्रज्ञांनी या जिवाणूतलं एक जनुक 'कोकर-३१२' या अमेरिकन कापसात घातलं. मग बोंडअळीने पान खाल्लं, की अळीच मरायची. १९९६ साली हा कापूस अमेरिकेच्या शेतात आला.

आणि आता तिसरा धागा, आपल्या मराठवाड्यातला. बद्रीनारायण बारवाले. जन्म १९३१, कर्मभूमी जालना. निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या 'पुसा सावनी' भेंडीचं बी त्यांनी आणून वाढवलं, विकलं, आणि १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सरकारी संशोधनाचं बी, गावचा व्यापारी आणि आसपासच्या शेतकऱ्यांचे हात, असा तो मेळ होता.

हे तीन धागे जिथे एकत्र आले, ती गाठ फक्त शंभर ग्रॅमची होती. १९९५ साली केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिकोला मोन्सँटोकडून शंभर ग्रॅम बीटी कापसाची सरकी आणायची परवानगी दिली. शंभर ग्रॅम! आमच्या गंजगोलाईत एवढ्यात चहाची पूड येते. त्या सरकीची झाडं आपल्या हवेत कामाची नव्हती, ती अमेरिकन. म्हणून जालन्याच्या लोकांनी त्यांचा आपल्या वाणांशी संकर केला, पुन्हा केला, पुन्हा केला. प्रत्येक पिढीत जनुक तेवढं ठेवायचं आणि बाकीचं अमेरिकन रूप गाळत जायचं. १९९८ साली मोन्सँटोने महिकोत २६ टक्के भाग घेतला, आणि दोघांनी मिळून जनुक विकण्यासाठी वेगळी कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ आणि मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी मिळाली.

कंपन्यांच्या जगात संशोधन कसं वाटलं जातं, याचा हा धडा मला फार बोलका वाटतो. जपान, जर्मनी, सेंट लुईस, दिल्ली, जालना, असा तो प्रवास. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी डोकं चालवलेलं. पण पैशाची वाट ठरली जनुक कोणाचं यावरून. ४५० ग्रॅमची पिशवी सुमारे १६०० रुपयांना, आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या हक्काचा. २००६ साली आंध्र सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली, तेव्हा किंमत ७५० वर आली. म्हणजे संकर करणाऱ्या जालन्याच्या शास्त्रज्ञाचं आणि फुलाफुलाला हात लावणाऱ्या मजूर बाईचं काम उरलेल्या वाट्यात.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हे सगळं वाचून मिळतं. तुमचं काय? सांगतो. हे मी आजवर घरातही नीट सांगितलेलं नाही.

भावाने पहिल्यांदा बीटी लावला, त्या वर्षी मी उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी होतो. पिशवी फोडली तर आत आणखी एक छोटी पुडी निघाली, १२० ग्रॅमची, साध्या सरकीची. सोबत घडी केलेला कागद. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही शिकलेले, बघा बरं हे काय म्हणतेत." मी चष्मा लावून वरवर वाचलं. बीटीच्या भोवती साध्या कापसाच्या ओळी लावा, असं काहीतरी होतं. मी म्हणालो, "अळीला खायला मुद्दाम पाच ओळी लावायच्या म्हणे! पैसे देऊन अळ्या पाळायच्या काय?" सगळे हसले. ती पुडी गोठ्याच्या वळचणीला पडून राहिली आणि पावसात उगवून वाया गेली. पुढच्या वर्षी ती पुडी घरीसुद्धा आणली नाही, दुकानातच टाकून दिली. शिकलेल्या दादाने सांगितलं होतं ना.

त्या पाच ओळींचं गणित मला पंधरा वर्षांनी कळलं. हजारो अळ्यांत एखादी अशी असतेच, जी बीटी खाऊनही जगते. तिचा पतंग झाला, आणि आजूबाजूला तिच्यासारखेच जगलेले पतंग असले, की पुढची सगळी पिढी बीटी पचवणारी होते. शेजारी साध्या कापसावर वाढलेले भरपूर साधे पतंग असले, तर त्यांच्याशी जोडा जमून होणारी पिल्लं पुन्हा बीटीने मरतात. म्हणजे त्या ओळी औषधाची धार टिकवण्यासाठी होत्या. कागदावर ते थोडक्यात लिहिलेलंही असेल. मी वाचलं नाही. पोरांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून छत्तीस वर्षं ओरडलो, आणि माझ्या घरच्या पेपरात मीच प्रश्न वाचला नाही.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली, हे खोटं कशाला बोलू? फवारण्या कमी झाल्या. हिरव्या बोंडअळीने नव्वदच्या दशकात जो छळ मांडला होता, तो थांबला. देशाची हेक्टरी सरासरी २००२ च्या सुमारास ३०० किलो रुईच्या आसपास होती, ती २००७ पर्यंत ५०० च्या वर गेली. सगळं श्रेय जनुकाचं नाही. गुजरातमधलं पाणी, नवी औषधं, बरे पाऊस, सगळ्यांचा त्यात वाटा. पण भावाने त्याच पैशातून पक्कं घर बांधलं आणि पुतण्याला लातूरला शिकायला ठेवलं. २००६ साली दोन जनुकांचा 'बोलगार्ड-२' आला. आमचा नांदेड-४४ मात्र हळूहळू दुकानातून गेला. त्यात जनुक नव्हतं, आणि जनुक नसलेलं बियाणं कोणी घेईना. २००९ च्या सुमारास सरकारी संस्थांनी 'बिकानेरी नरमा बीटी' आणि त्याच्या जोडीने नांदेड-४४ चं बीटी रूप आणलं. पण तपासणीत त्यात मोन्सँटोच्याच जनुकाचा अंश निघाला आणि विक्री थांबली. फार वाईट वाटलं होतं तेव्हा. आपल्याच पोराने कॉपी करावी आणि सापडावं, तसं.

२०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नाही, हे खुद्द मोन्सँटोने जाहीर केलं. २०१७ साली ती आमच्या शेतात पोचली. वरून बोंड हिरवंगार, टपोरं. फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली रुई. भावाने दिवाळीनंतर एक दिवस मला शेतात नेलं. एकेक बोंड फोडून माझ्या हातावर ठेवलं. काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, पऱ्हाटी उपटून टाकावी म्हणतो." त्या वर्षी महाराष्ट्रभर हेच झालं. मला मात्र तिथे उभं असताना गोठ्याच्या वळचणीची ती पुडी आठवत होती.

एकट्या माझ्या पुडीने अळी वाढली, असं मी म्हणत नाही. एवढा मोठा माणूस मी नाही. कारणं बरीच होती. अमेरिकेत, चीनमध्ये बीटी जनुक मुख्यतः सरळ वाणांत घातलं गेलं. आपल्याकडे फक्त संकरितमध्ये. सरळ वाणाचं बी शेतकरी घरी ठेवू शकतो, आपला २००१ चा कायदाही तशी मुभा देतो. संकरितचं बी दर वर्षी विकत घ्यावं लागतं. धंद्याच्या दृष्टीने ते सोयीचं. पण संकरित झाडाला आलेल्या बोंडात चार सरक्यांमागे एक सरकी जनुकाशिवायची असते, आणि गुलाबी अळी तर सरकीच खाते. एकाच बोंडात तिला विषारी आणि बिनविषारी असा दोन्ही आहार मिळाला, आणि ती तयार होत गेली. शिवाय हे संकरित वाण लांब मुदतीचे. त्यात आम्ही फरदड घेऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवणारे. अळीचा मुक्काम वर्षभराचा झाला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे सगळं मांडलेलं आहे.

आता हे वाचा. त्याच गुलाबी बोंडअळीचं अमेरिकेतल्या कापूस पट्ट्यातून समूळ उच्चाटन झाल्याचं तिथल्या सरकारने २०१८ साली जाहीर केलं. तिथे बीटी जनुक होतंच. त्याबरोबर साध्या कापसाचे पट्टे होते, वेळेवर नांगरट होती, वांझ केलेले पतंग विमानातून सोडले होते, आणि शेतकरी, विद्यापीठ, सरकार एका वहीत हिशेब लिहीत होते. जनुक त्यांचंही तेच आणि आमचंही तेच. तिथे अळी संपली, इथे पीक संपलं. आपल्याकडे जनुक आलं, पिशवी आली, कागदही आला. त्यामागचं 'का' शेताच्या बांधापर्यंत पोचवायला कोणीतरी लागतं. आमच्या बांधावर तो कोणीतरी मी होतो.

दुसरी एक गोष्ट सांगितली नाही तर हिशेब अर्धा राहील. ज्ञानाची गाडी एकाच दिशेने धावते असंही नाही. महिकोने बीटी वांगं तयार केलं. २०१० च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने त्याला स्थगिती दिली. तेच जनुक बांगलादेशच्या सरकारी संस्थेने आपल्या वांग्यांत घेतलं, २०१३ साली मंजुरी दिली, आणि २०१४ च्या जानेवारीत वीस शेतकऱ्यांना रोपं दिली. म्हणजे जालन्याचं काम ढाक्याला रुजलं. आपण ते पेरावं की नाही, यावर वाद घालायला माझी हरकत नाही. पण सेंट लुईसहून शिकलेलं जालना पुढे कोणाला तरी शिकवू लागलं, हे मला विसरता येत नाही.

मुंबईत स्विस सिबा कंपनीने १९६३ साली गोरेगावला संशोधन केंद्र काढलं, उद्घाटनाला खुद्द पंडित नेहरू. तिथे 'सिंटामिल' हे नैराश्यावरचं औषध शोधलं गेलं. पुढे ते केंद्र बंद पडलं. कंपनीला वाटेल तेव्हा ती दार उघडते, वाटेल तेव्हा लावते. पण तिथे तयार झालेली माणसं दाराबरोबर कुलपात जात नाहीत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची गोष्ट याच्या उलट. डॉ. माशेलकरांच्या काळात तिथे एका प्लॅस्टिकवर असं काम झालं, की त्या धंद्यातली बडी अमेरिकन कंपनी जीई स्वतःहून करार करायला आली. पुढे २००० साली तिने बेंगळुरूला स्वतःचंच मोठं केंद्र उभारलं. आधी आपलं काही असलं, की बोलणी बरोबरीने होतात. बारवाल्यांकडेही वाण होते, शेतं होती, माणसं होती. म्हणूनच ती शंभर ग्रॅम सरकी जालन्याला आली.

मोन्सँटो २०१८ साली जर्मनीच्या बायरने विकत घेतली. जनुकाच्या हक्काची रक्कम सरकारने कमी करत करत २०२० साली शून्यावर आणली. आणि आमचं नांदेड? २०२४ साली बातमी वाचली, की परभणी विद्यापीठाच्या नांदेड केंद्राने एनएच-१९०१ बीटी, १९०२ बीटी आणि १९०४ बीटी हे सरळ वाण काढले आहेत. सरळ वाण, म्हणजे सरकी घरी ठेवून पुढच्या वर्षी पेरता येईल. बीटी असलं तरी गुलाबी अळीवर ते रामबाण नाही, हे मी भावाला आधीच सांगून ठेवलंय. पऱ्हाटी वेळेवर काढायची, कामगंध सापळे लावायचे, डोमकळ्या दिसल्या की तोडायच्या. या वेळी कागद मी पूर्ण वाचणार आहे, मोठ्याने, आणि न समजलं तर नांदेड केंद्रात जाऊन विचारणार आहे.

काल रात्री नातीला परत फोन लावला. म्हटलं, "बाळा, पेटंटचा मालक कोणी का असेना. तू जे करतेस त्यातलं 'का' तुला पूर्ण कळतं का? की तुकडा तेवढा तुझ्याकडे, आणि बाकीचं चित्र जर्मनीला?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खरं सांगू आबा? पहिली दोन वर्षं तुकडाच होता. आता चित्र दिसायला लागलंय."

"मग जमेल तेवढं दुसऱ्या कोणाला समजावून सांग," मी म्हटलं. तिने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या जुन्या शाळेत येऊन दहावीच्या पोरांपुढे बोलायचं कबूल केलंय. गुपितं सोडून, अर्थातच! मी मागच्या बाकावर बसणार आहे.

ता. क. : कोणाकडे नांदेड-४४ ची जुनी रिकामी पिशवी अजून असेल, तर कृपया फेकू नका. मला कळवा. मी येऊन घेऊन जाईन.